तलावाचा श्वास मोजणारं यंत्र

नागपूरच्या फलाटावर उतरले तेव्हा पहिली दिसली ती संत्री. करंड्याच करंड्या, एकीवर एक रचलेल्या. त्यांच्या वासाने रात्रभर डब्यात आंबलेलं डोकं एकदम ताळ्यावर आलं. मग लक्षात आलं की माझा भाऊ कुठेच नाही. रत्नागिरीहून एसटीने मुंबई, मुंबईहून आगगाडीने नागपूर, असा सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून मी भाऊबीजेला आले होते, आणि ज्याला ओवाळायचं तोच गायब. हातात वळकटी, खांद्याला पिशवी, पिशवीत चिवड्याचा डबा आणि आईचा फिरकीचा तांब्या. मी बाकावर बसले आणि मनातल्या मनात अवीची खरडपट्टी काढायला घेतली.

तो आला धापा टाकत. शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"ताई, रागावू नकोस. एसटी स्टँडवर गेलो होतो. आकडा घ्यायचा होता."

मला धक्काच बसला. आकडा म्हणजे मटका, एवढं मला रत्नागिरीतही ठाऊक होतं. चार बुकं शिकून प्राध्यापक झालेला माझा भाऊ नागपुरात येऊन आकडा लावायला लागला, हे आईला कसं सांगायचं, याचा मी विचार करायला लागले.

"तो नव्हे गं," अवी हसत म्हणाला. "तलावाचा आकडा. पाण्यात प्राणवायू किती आहे, त्याचा."

अविनाश नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. पारशिवनीजवळच्या एका खेड्यातल्या मच्छीमारांच्या सोसायटीशी त्याची गाठ पडली आणि तेव्हापासून त्याला माशांनी झपाटलं. तिथल्या तलावात रोहू, कतला, मृगळ वाढवतात. पहाटे सोसायटीचे अध्यक्ष पाण्यातला प्राणवायू मोजतात, आकडा पहिल्या बसच्या कंडक्टरला तोंडी सांगतात, आणि कंडक्टर तो नागपूरच्या स्टँडवर माझ्या भावाच्या स्वाधीन करतो. हे सगळं मी सायकलरिक्षात बसून ऐकलं. बहिणीपेक्षा माशाचा श्वास महत्त्वाचा, हे पचायला वेळ लागतो.

भाऊबीज झाली, ओवाळणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो मला आपलं यंत्र दाखवायला घेऊन गेला. कॉलेजात दिवाळीची सुट्टी होती. एका बंद खोलीबाहेर आम्ही चपला काढल्या, पाय पुसले आणि आत शिरलो. आत काश्मीर. बाहेर दिवाळीतही पंख्याखाली बसावं लागत होतं आणि इथे मला पदर खांद्यावरून ओढून घ्यावा लागला. यंत्राच्या कपाळावर पाडव्याचं हळदकुंकू होतं, शेजारी सुकलेला झेंडू. हे लाड आमच्या शाळेतल्या मुलींना कधी मिळतील, असं मनात आलं.

"हे कॉम्प्युटर," अवी म्हणाला. "मी याला शिकवतोय."

"शिकवतोस म्हणजे?"

"नियम सांगत नाही. नुसती उदाहरणं देतो. आज हवा अशी होती, आभाळ असं होतं, पाण्यात प्राणवायू इतका होता, आणि दुसऱ्या दिवशी इतका झाला. ते अंदाज करतं, चुकतं, चूक कळली की स्वतःला थोडं बदलतं. पावसाळ्याच्या आधीपासून शिकतंय. आता त्याला उद्याचं आज कळतं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. न सांगता शिकणारा विद्यार्थी मी आजवर पाहिलेला नाही, सांगून शिकणारेही मोजकेच. अवीने सकाळचा आकडा आणि हवेची नोंद आत भरली, काचेवर हिरवी अक्षरं थरथरली आणि दोन शब्द उमटले. उद्या ठीक. अवीने ते मराठीत उमटवण्यासाठी किती खटाटोप केला होता, ते तो सांगत राहिला. मी मात्र त्या दोन शब्दांकडे पाहत होते. माणसाने असं छातीठोक सांगायचं धाडस केलं नसतं.

"आणि हे म्हणतं ते ती माणसं मानतात?"

"मानतात म्हणजे? याच्या भरवशावर दशरथभाऊंनी तलावात माशांचं दुप्पट बीज सोडलंय."

हे दशरथभाऊ म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. दाटीवाटीने मासे ठेवायचे तर पाण्यातला प्राणवायू कधी कमी पडेल, ते आधी कळायला हवं. कळलं की इंजिनपंप लावून पाणी उडवायचं, म्हणजे हवा मिसळते. सोसायटीतल्या बऱ्याच जणांना तलाव ठेकेदाराला देऊन मोकळं व्हायचं होतं. दशरथभाऊंनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की यंदा जाळं भरून निघेल, आणि नाही निघालं तर तलाव ठेकेदाराला द्यायला ते स्वतः हात वर करतील. दिवाळीनंतर जाळं लागायचं होतं. म्हणजे आता लवकरच.

पारशिवनीला निघण्यापूर्वी आम्ही इतवारीत गेलो. हातगाड्या, टेम्पो, भांड्यांचा खणखणाट आणि कापडाची दुकानं. अवीने एका दुकानात मऊ पांढऱ्या मलमलीचा तुकडा घेतला.

"हे कुणाला?"

"सगुणाबाईंना. तलावावरून मोजायला रोज पाणी आणून देतात त्या. दर खेपेला एवढंच मागतात. बारीक विणीची मलमल. गावात मिळत नाही म्हणे."

"कशाला लागते त्यांना?"

"कोण जाणे. घरात तान्हं मूल असेल."

दुपारी त्याने मला सावजी जेवायला नेलं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि बहुधा कानांतूनही पाणी आलं. वाढणारा माणूस शांतपणे म्हणाला, "बाई, आज तं फिकं केलं हाय." मी दोन तांबे पाणी प्यायले आणि उरलेला रस्सा भावाच्या पानात सरकवला. कोकणातलं तिखट म्हणजे नुसतं रंगकाम, हे मी तिथे मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं कोंदटलेलं राखाडी झाकण. बसमध्ये कंडक्टरने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी मशीनवाल्या सरच्या भहीन नं? आकडा मीच आणतो रोज. पाठ करत येतो."

"वाटेत विसरलात तर?"

"कसा विसरन, बाई? तिकिटं फाडून राहिलो, सुट्टे देऊन राहिलो, तरी आकडा डोक्स्यातच. मासे मेले तं दशरथभाऊ मलेच धरन."

कन्हानचा पूल मागे पडला. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली, मध्येच संत्र्याची एखादी बाग, लांबवर सागाची रांग. कोकणच्या माणसाला एवढं सपाट पाहिलं की आधी बरं वाटतं आणि मग चुकल्याचुकल्यासारखं. मी सारखी समुद्र शोधत होते. कुठेतरी शेवटी पाणी असणारच, असं वाटत राहतं.

पाणी होतं, पण ते पाहून मी चपापले. तलावाच्या पारीवर (बांधावर) उभी राहिले तर खाली हिरवंगार. शेवाळी नव्हे, अगदी अळूच्या फतफत्यासारखं दाट. काठाशी वाकून बोट बुडवलं तर ते दिसेना.

"अवी, हे पाणी बरं दिसत नाही."

"हिरवं असणं चांगलं असतं, ताई. तेच माशांचं खाणं. आणि आकडा बघ ना, एक दिवस वाईट नाही. पूर्ण पावसाळ्यात एकही नाही."

दशरथभाऊ उंच, काटक, कपाळावर गमछा बांधलेले. त्यांनी आम्हांला पारीवरच्या कौलारू खोलीत नेलं. तिथे एका टेबलावर अवीने दिलेला मापकाचा डबा होता, काट्याचा. त्यातून निघालेली तार पाण्यात बुडवायची आणि काटा वाचायचा. डब्याला ओल लागता कामा नये म्हणून अवीने सक्त सांगून ठेवलं होतं की डबा टेबलावरून हलवायचा नाही, पाणी डब्यापाशी आणायचं. टेबलावर त्यासाठी एक काचेचं भांडंही ठेवलं होतं. डब्यालाही कुंकू होतं.

"आधी मी रोज पहाटे अख्ख्या पारीवर फिरत होतो," दशरथभाऊ म्हणाले. "मासा वर येते का, तोंड उघडते का, पाहत होतो. आता तशी गरज नाही राहिली. काट्यासमोर बसतो, आकडा सांगतो, झालं."

"आणि इंजिन?"

"थे दिलं संत्र्याच्या बागेले. शेजारच्या गावी साळा राहते माहा. त्याच्या झाडांले पानी पाहिजे होतं. इथं उभंच होतं नं. मशीन म्हणते ठीक, तं ठीक."

ऊन नसलं की हिरव्या पाण्यात प्राणवायू तयार होत नाही, रात्री मात्र खर्च होतच राहतो, हे मी वर्गात शिकवते. एवढे मासे, एवढं हिरवं पाणी, वर हे आभाळ, आणि इंजिन दुसऱ्याच्या बागेत. पण मी पाहुणी होते आणि यंत्र भावाचं होतं, म्हणून गप्प राहिले.

जेवायला रोहूचा रस्सा होता, जवसाच्या तेलातला. आम्ही समुद्राची माणसं गोड्या पाण्यातल्या माशाला नाकं मुरडतो. मी तीन वेळा वाढून घेतला. जेवण होत आलं तेव्हा सगुणाबाई आल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, कपाळ मोकळं, निळ्या काठाचं पांढरं लुगडं. तलावाच्या घाटालाच लागून त्यांचं घर. दशरथभाऊंच्या ढीमर, म्हणजे मच्छीमार घरांबरोबर गावातली काही बौद्ध घरंही सोसायटीत होती, त्यांतलं एक त्यांचं. अवीने मलमल हातात दिली तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कापड उजेडात धरून वीण पाहिली.

"लय चांगली हाय, सर. जुनी इरली होती."

"बाळ कितीचं आहे?" मी विचारलं.

"कोनतं बाळ, ताई?" त्या म्हणाल्या आणि हसून निघून गेल्या. मी अवीकडे पाहिलं. तो ताकाचा पेला संपवण्यात गुंग होता.

मुक्काम दशरथभाऊंकडे. सकाळी झुंजुमुंजू व्हायच्या सुमारास मला जाग आली. तोंड धुवायला म्हणून आईचा तांब्या घेऊन घाटाकडे निघाले. आभाळ तसंच झाकलेलं. पान हलत नव्हतं. सगुणाबाई घाटाच्या पायरीवर होत्या. मी त्यांच्या वरच्या पायरीवर बसले.

त्यांनी आधी पितळेची घागर राखेने घासली. लखलखीत झाली. मग कळशी घासली. मग तलावातून घागर भरून घेतली, कालची नवी मलमल चौपदरी केली, कळशीच्या तोंडावर ताणून बांधली, आणि घागर उंच धरून बारीक धारेने पाणी ओतायला लागल्या. पाणी फडक्यावर पडत होतं, फेसाळत होतं, खाली झिरपत होतं. फडक्यावर हिरवा लगदा जमत होता. कळशीत पडत होतं ते पाणी आमच्या रत्नागिरीच्या विहिरीइतकं नितळ.

मी एक पायरी उतरून कळशीत डोकावले.

"सगुणाबाई, हे पाणी कुणाला?"

"मशीनीले."

"रोज असंच देता?"

"रोजच. पानी तं गाळूनच देतात नं, ताई? तुमच्याकडं नाही गाळत काय?"

"गाळतो," मी म्हटलं. "पण हे पिण्याचं नाही."

"पिण्याचं नसन. पण सरच्या काचेच्या भांड्यात जाते नं." त्यांनी घागर खाली ठेवली. "माह्या मायले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. कोनी वरून ओतलं तं ओंजळीत घ्याचं, नाही ओतलं तं रिकामी घागर घेऊन घरी. मंग आमी नागपूरले गेलो, दीक्षा घेतली. मी लहान होती तवा. घरी आल्यावर मायनं पयलं काम काय केलं, तं नवं फडकं फाडलं अन् पानी गाळाले बसली. म्हणे, आता आपल्या घरचं पानी कोनीबी पिईन, असंच ठेवाचं. अन् सर आले, थे म्हणाले, सगुणाबाई, पानी तुमीच आणत जा. दुसऱ्या कोनाले नाही म्हणाले. मंग मी असं हिरवं, गढूळ कसं नेऊ, ताई?"

त्यांना काय सांगायचं होतं? की तुमची धार उंचावरून पडते तेव्हा त्यात हवा मिसळते? की तुमच्या फडक्यात तलावाचा सगळा आजार अडकून राहतो आणि काट्याला दिसतं ते फक्त तुमचं अगत्य? पावसाळ्याच्या आधीपासून माझा भाऊ एका यंत्राला शिकवत होता, आणि ते यंत्र तलावाचं नव्हे, या बाईच्या कळशीचं पाणी शिकलं होतं.

तेवढ्यात पाण्यावर चुटचुट असा आवाज यायला लागला. मी वळून पाहिलं. फटफटत होतं. घाटापासून पार समोरच्या काठापर्यंत तोंडंच तोंडं. मोठाले कतला पाण्याच्या पातळीला येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. एकाचं पोट पांढरं वर आलेलं होतं. मी तांब्या तिथेच टाकला आणि पारीवरून ओरडत पळाले. पन्नाशीच्या घरातली बाई मी, शाळेच्या क्रीडामहोत्सवातही कधी धावले नव्हते.

खोलीत दशरथभाऊ काट्यासमोर पाण्याची वाट पाहत बसले होते. अवी चहा पीत होता. सगुणाबाई माझ्यामागून कळशी घेऊन आल्या. अवीने तार कळशीत बुडवली. काटा ऐटीत चढला. ठीक. हे मलमलीतून गाळलेलं आहे, असं सांगून मी खोलीतली एक बाटली घेतली, स्वतः पाण्यात उतरले, ती बूच लावूनच खाली नेली, पाण्याखाली उघडली, भरली आणि तिथेच बंद केली. तार त्या बाटलीत घातली. काटा थरथरला आणि तळाला जाऊन निजला.

अवी खाली जमिनीवरच बसला.

"ताई, मी शिकवलं काय त्याला?"

"पाणी गाळायला," मी म्हटलं.

"आणि मलमल मीच आणून देत होतो."

दशरथभाऊ बाहेर गेले आणि पारीवर उभं राहून त्यांनी गावाकडे तोंड करून अशी हाक मारली की माझ्या अंगावर काटा आला. मग माणसं यायला लागली. एक जण मोटारसायकलवर इंजिन आणायला सुटला. बाकीच्यांनी जे हाताला लागलं ते घेतलं. बादल्या, सुपं, कपडे धुण्याची मोगरी. डोंगे (लहान होड्या) पाण्यात लोटले आणि वल्ह्यांनी पाणी झोडपायला सुरुवात केली. बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून बादल्या भरत होत्या आणि उंचावरून परत तलावात ओतत होत्या. मीही ओतत होते. माझ्या शेजारी सगुणाबाई घागरीने ओतत होत्या, तशाच उंचावरून, तशाच बारीक धारेने. एकदा त्यांनी आपल्या हातातल्या घागरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला वाटतं, त्यांना तेव्हाच सगळं कळलं.

इंजिन आलं तेव्हा दिवस चांगलाच वर आला होता. ते धडधडायला लागलं, पाण्याचा फवारा उडाला, आणि हळूहळू तोंडं खाली गेली. काठाला मात्र मेलेल्या कतल्यांची पांढरी रांग लागली होती. एवढाले मासे, लहान मुलाएवढे. इतके मेलेले मासे मी बंदरावरही रोज पाहते, पण बंदरावर कधी रडू आलं नव्हतं.

दुपारी सोसायटीची माणसं पारीवर जमली. कुणी चढ्या आवाजात बोलत नव्हतं, त्यानेच जास्त भीती वाटत होती. एक म्हातारा म्हणाला, "थे मशीन टाका तलावात, अन् तलाव द्या ठेकेदाराले." दुसऱ्याने विचारलं, "पानी कोन देत होतं मशीनीले?" सगळ्यांच्या माना सगुणाबाईंकडे वळल्या.

अवी उभा राहिला. त्याचा आवाज फाटला होता. "मी देत होतो असं समजा. मी त्यांना पाणी आणा एवढंच म्हणालो. कसं आणायचं ते सांगितलं नाही. कधी घाटावर येऊन पाहिलं नाही. मला वाटलं, पाणी आणण्यात सांगायचं काय."

"अन् मी पारीवर फिरनं सोडलं," दशरथभाऊ म्हणाले. "काटा खोटा नाही बोलला गा. त्याच्यासमोर जे ठेवलं थे त्यानं सांगतलं. कतले गेले. बाकीचे हायेत का नाही, थे जाळं लागल्यावर समजन. जाळं रिकामं आलं तं मीच हात वर करतो. म्हणलं होतं नं."

सगुणाबाई इतका वेळ कडेला उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "सर, थे मशीन माह्या पान्यावरून शिकली नं?"

"हो."

"मंग तिले पुन्ना शिकवा लागन. पानी मीच आणीन. दुसऱ्या कोनाले नका सांगू." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "कसं आणाचं थे तेवढं दाखवून द्या."

अवीने घाटावर जाऊन त्यांना बाटली पाण्याखाली कशी उघडायची, ते दाखवलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं. हिरव्या पाण्याची बाटली हातात घेऊन वर येताना त्यांची मान खाली होती. सोयरीक मोडल्यावर एखादी बाई चालेल तशा त्या चालत होत्या. मला फार वाईट वाटलं.

नागपूरला परतल्यावर अवीने मला पुन्हा त्या थंड खोलीत नेलं. चपला काढल्या, पाय पुसले. त्याने काही कळा दाबल्या, काचेवरची हिरवी अक्षरं पळाली आणि थांबली.

"पुसलं," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं. आता याला काहीच येत नाही."

इतक्या महिन्यांचं शिक्षण एका श्वासात गेलं. आमच्याकडे पोरं नापास होतात तेव्हा निदान काहीतरी डोक्यात उरतं. मी त्या काळ्या काचेकडे पाहत राहिले. उद्या ठीक, असं ते रोज म्हणत होतं, आणि मला आता कळत होतं की ते बिचारं खोटं बोलत नव्हतं. सगुणाबाईंच्या कळशीत रोज उद्या ठीकच असणार होता.

सुट्टी संपली. जाळं लागायचा दिवस आणि माझ्या परतीचा दिवस एकच आला. अवी मला पोचवायला आला होता, पण त्याचं लक्ष फलाटाच्या टोकाकडे होतं. गाडी लागली, मी डब्यात चढले, खिडकीपाशी बसले. आणि मग गर्दीतून गमछा दिसला. दशरथभाऊ, आणि मागे सगुणाबाई. कामठीमार्गे मिळेल त्या वाहनाने आले होते. कपड्यांना माशांचा वास.

अवीला विचारायचा धीर होईना. मीच विचारलं, "जाळं?"

"कतले गेलेच," दशरथभाऊ म्हणाले. त्यांना दम लागला होता. "पन रोहू वाचले, मृगळ वाचले. भरलं नाही जाळं, पन रिकामंबी नाही आलं. लोक म्हणाले, अजून एक वर्स पाहू. तलाव आपल्याकडंच राहिला."

अवीने डब्याच्या दांड्याला धरलं आणि तोंड फिरवलं. तो रडत होता. मीही.

सगुणाबाईंनी खिडकीतून हात आत घातला. हातात आईचा फिरकीचा तांब्या होता, मी घाटावर टाकून पळाले होते तो. राखेने घासलेला, लखलखीत. जड होता. फिरकीखाली पांढरी मलमल बांधलेली, ती कडेने जराशी बाहेर आली होती.

"वाटेसाठी," त्या म्हणाल्या. "हे गाळलेलं हाय, ताई. तुमी काही मशीन नाही."

गाडी हलली. मी फिरकी उघडली आणि त्यांच्या देखत प्यायले. त्या फलाटावर उभ्या होत्या तोवर पीत राहिले. पाण्याला राखेचा किंचित वास होता.

घरी पोचल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, नागपूर कसं आहे. उन्हाचं, तिखटाचं, संत्र्यांचं मी सांगितलं. यंत्राचं सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. मला राहून राहून एकच गोष्ट आठवते. इतके महिने शिकून ते यंत्र जगातली एकच गोष्ट शिकलं होतं, की पाणी द्यायचं तर कसं द्यायचं. ते चुकीचं होतं, पुसायलाच हवं होतं, आणि अवीने ते पुसलं. तांब्यावरची मलमल मात्र मी काढून धुतली आणि आमच्या हंड्याच्या तोंडावर बांधली. रोज सकाळी तिच्यातूनच पाणी भरते.